तोंडी परीक्षेत नापास झालेले गुरुजी

वर्गात धडा मोठ्याने वाचायची पाळी आली की माझं काय व्हायचं, हे तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. 'प' आणि 'क'पाशी गाडी अडायची आणि मागच्या बाकांवर खसखस पिकायची. त्याचा राग आता उरलेला नाही. पण पुढे मला शिक्षक व्हायचं होतं, आणि एका संस्थेच्या निवड समितीसमोर स्वतःचं नाव सांगायलाच मिनिटभर लागल्यामुळे मी बँकेत चिकटलो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा शाळेच्या आठवणींऐवजी आंद्रे बाझाँ या फ्रेंच चित्रपट समीक्षकावर लिहायचं ठरवलं ते म्हणूनच.

१९८९ साली रजा काढून मी पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वादाच्या शिबिराला गेलो होतो. प्रभातच्या जुन्या आवारात बाझाँचं नाव पहिल्यांदा कानावर पडलं. ते तोतरे होते हे कळलं त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी जेवलोच नाही. ग्रंथालयात जाऊन बसलो.

बाझाँचा जन्म १९१८चा, आंजे गावचा. बालपण गेलं ला रोशेल या बंदराच्या गावी. शिक्षकच व्हायचं म्हणून सँ-क्लूच्या नामांकित अध्यापक विद्यालयापर्यंत ते पोचले. लेखीची अडचण नव्हती. १९४१ साली तोंडी परीक्षेत जीभ अडली आणि ते नापास झाले. सरकारी शाळेचा दरवाजा कायमचा बंद.

तेव्हा पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं. त्या दिवसांत बाझाँनी विद्यार्थ्यांसाठी फिल्म क्लब सुरू केला. युद्ध संपल्यावर प्रोजेक्टर घेऊन ते कारखान्यांत, कामगारांच्या सभागृहांत जाऊ लागले. सिनेमा दाखवायचा आणि नंतर लोकांना बोलतं करायचं. ज्या माणसाला बोलता येत नाही म्हणून वर्ग नाकारला, त्याने असे किती वर्ग घेतले असतील!

त्यांचं लिखाण अवघड म्हणतात, पण मुद्दा साधा आहे. 'सिटिझन केन'मधला एक प्रसंग घ्या. घरात आई कागदांवर सही करते आहे आणि खिडकीतून दूरवर बर्फात खेळणारा मुलगा दिसतो आहे. दोन्ही एकाच वेळी, दोन्ही स्पष्ट. कुठे पाहायचं हे प्रेक्षकाने ठरवायचं. दिग्दर्शकाने सारखी कात्री चालवून आपलं बोट धरून नेऊ नये, असं बाझाँचं म्हणणं. याच चित्रपटाला सार्त्रने नावं ठेवली होती. बाझाँनी १९४७ साली त्याची बाजू मांडली, तीही सार्त्रच्याच मासिकात. अशी माणसं दोन्ही बाजूंना हवीत.

१९५१मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'काये द्यू सिनेमा' हे मासिक काढलं. तिथे लिहिणारी तरुण मंडळी पुढे मोठे दिग्दर्शक झाली. सिनेमा म्हणजे दिग्दर्शकच सर्वस्व, असं या पोरांचं म्हणणं. बाझाँना ते पटत नव्हतं. तसं त्यांनी त्याच मासिकात छापलं, पण कुणाला दार दाखवलं नाही.

त्या पोरांतला एक फ्रांस्वा त्रुफो. १९४८ साली सोळा वर्षांचा त्रुफो स्वतःचा फिल्म क्लब चालवत होता. बाझाँच्या खेळाची वेळ आड येते म्हणून तो त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेला. पुढे कर्जापायी वडिलांनीच त्याला पोलिसांच्या हवाली केलं. तो बालसुधारगृहात पोचला. बाझाँनी त्याची हमी घेतली, काम दिलं. मग हा पठ्ठ्या सैन्यात भरती झाला आणि तिथूनही पळाला. तुरुंगातून सुटायला पुन्हा बाझाँच मदतीला, आणि सुटल्यावर मुक्काम बाझाँ पती-पत्नींच्याच घरी. तोवर त्यांना स्वतःला क्षयाने गाठून झालं होतं. पुढे १९५४ साली रक्ताचा कर्करोग निघाला.

आपल्यालाही त्यांचं देणं आहे. १९५६ साली कान महोत्सवात 'पथेर पांचाली'चा खेळ अनेकांचा हुकला. तो पुन्हा दाखवा म्हणून जे समीक्षक हटून बसले त्यांत बाझाँ होते. चित्रपटाला पुरस्कार मिळाला आणि सत्यजित राय यांचं नाव जगभर झालं.

१० नोव्हेंबर १९५८ रोजी त्रुफोने आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाचं, 'द फोर हंड्रेड ब्लोज'चं चित्रीकरण सुरू केलं. काम आटोपून तो थेट गुरूच्या बिछान्याशी गेला. त्याच रात्री बाझाँ गेले. वय अवघं चाळीस. शाळेत आणि घरात नकोशा झालेल्या मुलाची ही गोष्ट, आणि चित्रपट अर्पण केलेला आहे बाझाँना. वर्षभराच्या आत कानमध्ये त्रुफोला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं. बाझाँचं रेन्वारवरचं अपुरं पुस्तकही त्रुफोनेच पुढे मार्गी लावलं.

मंडळी, उद्या दुपारी जेवणानंतर शाळेच्या सभागृहात हा चित्रपट दाखवायचं ठरलं आहे. मुख्याध्यापकांनी पडद्याची सोय केली आहे. प्रास्ताविक मी करणार आहे. पाच मिनिटांचं आहे, पण 'प' आणि 'क' बरेच आहेत, तेव्हा दहा धरून चला.