चांदबीबी आणि अहमदनगरचा भुईकोट

शनिशिंगणापूर हे घरांना दारे न लावण्याच्या प्रथेमुळे प्रसिद्ध आहे. दर्शनाला जाताना आपल्यापैकी अनेकांनी वाटेवरच्या अहिल्यानगर शहरातील खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला पाहिला असेल. हा किल्ला लढवणाऱ्या चांदबीबीच्या चरित्राचा परिचय आपण येथे करून घेऊ.

चांदबीबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या. किल्ल्याची दगडी तटबंदी त्याच्याच कारकिर्दीतील आहे. विजयनगरविरुद्ध दख्खनचे सुलतान एकत्र आले, त्या सुमारास तिचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला. १५८० मध्ये पतीचा खून झाल्यावर अल्पवयीन इब्राहिम आदिलशहाच्या वतीने तिने कारभार पाहिला. दरबारातील गटबाजीमुळे तिला काही काळ साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही सोसावी लागली. पुढे ती माहेरी परतली.

१५९५ च्या अखेरीस अकबराचा पुत्र मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग आतील लोकांनी शोधून निकामी केले. परंतु एकाचा स्फोट होऊन तटाला खिंडार पडले. चांदबीबी स्वतः शस्त्र घेऊन तेथे उभी राहिली आणि रातोरात खिंडार बुजवून घेतले. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड द्यावे लागले, तरी बालराजा बहादूर निजामशहाचे राज्य टिकले.

१६०० मध्ये मोगल सेना पुन्हा आली. आता किल्ला टिकणार नाही, हे ओळखून राजाच्या सुरक्षिततेच्या अटीवर तो सोडावा, असा विचार तिने मांडला. हमीदखानाने तिच्यावर फितुरीचा आळ घेतला आणि चिथावलेल्या सैनिकांनी तिला ठार केले. लवकरच किल्ला पडला. बहादूर कैद झाला.

शहराजवळच्या डोंगरावरील अष्टकोनी संरक्षित वास्तूला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. स्थळनामाला इतिहासाचा पुरावा मानता येत नाही, हे यावरून लक्षात घ्यावे. मात्र लोकांनी कोणाची आठवण जपली, हे ते नाव निश्चित सांगते. जिच्यावर तिच्याच सैनिकांनी विश्वास ठेवला नाही, तिचे नाव पुढील पिढ्यांनी दुसऱ्याच्या वास्तूला दिले. किल्ल्याचा तट पाहताना आपणही विचार करा : तो तट सुरुंगाने अधिक खचला, की आतील अविश्वासाने?