ज्या इंग्रज संपादकाला इंग्रजांनीच मुंबईतून हाकललं, त्याचं नाव आज फोर्टातल्या सर्कलला आहे

करंजाडेत राहणाऱ्या आणि फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे वेगळं सांगायला नको. सकाळी रिक्षाने पनवेल स्टेशन, तिथून हार्बर लाइन, सीएसएमटीला उतरून पायी ऑफिस. या पायी वाटेवर एक गोल बाग लागते. भोवती कमानींच्या जुन्या इमारती, समोर टाऊन हॉलच्या पांढऱ्या पायऱ्या. हॉर्निमन सर्कल.

रोज तिथून हजारो लोक जातात. बहुतेकांना वाटतं, असेल कुणीतरी गोरा गव्हर्नर.

पण गंमत अशी आहे की गव्हर्नरचं नाव आधी होतं. या जागेला एलफिन्स्टन सर्कल म्हणायचे. स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचं नाव काढलं आणि त्या जागी दुसऱ्या एका इंग्रजाचं नाव लावलं. ज्या काळात गोऱ्या साहेबांची नावं पुसली जात होती, त्या काळात एका गोऱ्या माणसाचं नाव नव्याने कोरलं गेलं.

हा माणूस म्हणजे बेंजामिन गाय हॉर्निमन. धंद्याने पत्रकार.

नौदलातल्या अधिकाऱ्याचा मुलगा

हॉर्निमन यांचा जन्म १८७३ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. वडील ब्रिटिश नौदलात पगार आणि हिशेबाच्या खात्यात मोठे अधिकारी होते. शिक्षण पोर्ट्समथला झालं. साम्राज्याच्या नोकरीत जावं असंच घरचं वातावरण होतं. पण पोराने १८९४ च्या सुमारास पोर्ट्समथच्याच एका वर्तमानपत्रात काम सुरू केलं. पुढे इंग्लंडमधल्या आणखी काही वर्तमानपत्रांत उमेदवारी केली.

१९०६ साली ते भारतात आले. कलकत्त्याच्या स्टेट्समनमध्ये न्यूज एडिटर म्हणून. बंगालची फाळणी नुकतीच झाली होती, स्वदेशीचं आंदोलन पेटलेलं होतं. भारतात आलेला इंग्रज पत्रकार सहसा क्लबात बसून सरकारी अधिकाऱ्यांकडून बातमी घ्यायचा. हॉर्निमन यांनी रस्त्यावर काय चाललंय ते बघितलं. पुढची चाळीस वर्षं ते हेच करत राहिले.

मुंबईत दोन इंग्रज संपादक

तेव्हाच्या मुंबईत इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी मोठं वर्तमानपत्र होतं ते टाइम्स ऑफ इंडिया. मालकी आणि संपादकी युरोपियनांची. संपादक होते स्टॅनले रीड. शहरातल्या शिकलेल्या हिंदी लोकांची बाजू मांडणारं तोडीस तोड इंग्रजी दैनिक नव्हतं. ही उणीव भरून काढायची ठरवली सर फिरोजशहा मेहता यांनी. १९१३ साली त्यांनी बॉम्बे क्रॉनिकल सुरू केलं.

आता तुम्ही म्हणाल, हिंदी लोकांचा आवाज म्हणून काढलेल्या पेपराला संपादक इंग्रज कशाला? पण मेहतांनी नेमके हॉर्निमनच निवडले. म्हणजे एकाच शहरात, एकाच वेळी, दोन इंग्रज संपादक दोन पेपर चालवत होते. एका पेपरात मुंबई सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यातून दिसायची, दुसऱ्यात गिरगाव आणि मांडवीतून.

१९१५ साली हॉर्निमन यांच्या पुढाकाराने प्रेस असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली. पत्रकारांनी संघटना काढायची गरज का पडली, तर त्याचं कारण १९१० चा प्रेस ॲक्ट. या कायद्याने सरकार कोणत्याही छापखान्याकडून किंवा पेपराकडून जामिनाची रक्कम मागू शकत होतं. सरकारला न आवडणारं काही छापलं की ती रक्कम जप्त, पुन्हा सुरू करायचं तर त्याहून मोठी रक्कम भरा. तुरुंगात टाकायचीही गरज नाही, पैशानेच पेपर मरायचा. हॉर्निमन यांनी या कायद्याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला.

ॲनी बेझंट यांच्या होमरूल लीगमध्येही ते उपाध्यक्ष झाले. ज्यांची सत्ता होती त्यांच्यातलाच एक माणूस इथल्या लोकांना स्वराज्य द्या म्हणत होता.

टाऊन हॉलमधला राडा

आज ज्या सर्कलला त्यांचं नाव आहे, त्याच सर्कलसमोरच्या टाऊन हॉलमध्ये १९१८ साली एक प्रकरण झालं.

गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांची मुदत संपत आली होती. शहरातल्या काही बड्या मंडळींनी त्यांच्या सन्मानार्थ स्मारक उभारायचं ठरवलं. याच विलिंग्डन यांनी त्या वर्षी जूनमध्ये युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांना मध्येच अडवलं होतं आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले होते. ती गोष्ट लोक विसरले नव्हते.

११ डिसेंबरला स्मारकासाठी टाऊन हॉलमध्ये सभा बोलावली गेली. विरोध करणाऱ्यांच्या पुढे होते बॅरिस्टर जिना आणि हॉर्निमन. विरोधकांनी हॉल भरून टाकला, गोंधळ उडाला, शेवटी पोलिसांनी हॉल रिकामा केला. मुंबईकरांच्या नावाने गव्हर्नरचा सत्कार करायचा बेत फसला.

१९१९: एप्रिल महिना

मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. वकील नाही, दलील नाही, अपील नाही अशी ज्याची ख्याती झाली तोच हा कायदा. गांधीजींनी सत्याग्रह सभा स्थापन केली. अध्यक्ष गांधीजी, उपाध्यक्षांमध्ये हॉर्निमन.

३० मार्चला दिल्लीत गोळीबार झाला. ६ एप्रिलला मुंबईत हरताळ पाळला गेला, चौपाटीवर लोक जमले. १३ एप्रिलला अमृतसरला जालियनवाला बाग झाली. दोन दिवसांत पंजाबात लष्करी कायदा लागला आणि तिथून बातम्या बाहेर येणं जवळजवळ बंद झालं.

२६ एप्रिलला मुंबई सरकारने हॉर्निमन यांना उचललं आणि इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवर चढवलं. ना खटला, ना सुनावणी. वापरला तो डिफेन्स ऑफ इंडियाचा कायदा. पहिल्या महायुद्धासाठी केलेला हा कायदा युद्ध थांबून पाच महिने झाले तरी चालूच होता.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. सोशल मीडियावर फिरणाऱ्या पोस्टमध्ये सरळ लिहिलेलं असतं की जालियनवालाचे फोटो बाहेर काढले म्हणून हॉर्निमनला हाकललं. तारखा बघितल्या तर हत्याकांड आणि हद्दपारी यांच्यात फक्त तेरा दिवस आहेत. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी जी कारणं दिली ती वेगळी होती. एक, दिल्लीत जमावावर मऊ टोकाच्या, म्हणजे शरीरात घुसून फुटणाऱ्या गोळ्या वापरल्या असा आरोप क्रॉनिकलने छापला. दुसरं, मुंबईतल्या गोऱ्या सैनिकांना हा पेपर फुकट वाटला जात होता.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. हिंदी माणसाने हिंदी माणसाला काही सांगितलं तर सरकारला त्याची सवय होती. पण एक इंग्रज, इंग्रजीत, इंग्रज शिपायाला सांगणार की तुझं सरकार इथे काय करतंय, ही गोष्ट झेपणारी नव्हती.

पंजाबची बातमी जगासमोर आणण्यात हॉर्निमन यांचा वाटा मात्र खरा आहे. इंग्लंडला गेल्यावर ते गप्प बसले नाहीत. मजूर पक्षाच्या बाजूच्या डेली हेराल्डमधून पंजाबातल्या अत्याचारांची माहिती तिथल्या वाचकांपर्यंत गेली. १९२० साली त्यांनी लंडनमध्ये अमृतसरवर पुस्तक काढलं. नाव होतं अमृतसर अँड अवर ड्युटी टू इंडिया. नावातच त्यांनी जबाबदारी आपल्या देशबांधवांवर टाकली होती.

मागे राहिलेल्यांचं काय झालं?

हॉर्निमन यांच्यावर अन्याय झाला यात शंका नाही. पण त्यांना बोटीत बसवून त्यांच्याच देशात पाठवलं गेलं. क्रॉनिकलसाठी पंजाबातून बातमी देणारे गोवर्धन दास यांना ३ वर्षांची शिक्षा झाली. एकाच पेपरासाठी काम करणारी दोन माणसं, कातडीचा रंग वेगळा आणि शिक्षाही वेगळी. गोवर्धन दास यांचं नाव आज कुणाच्या फारसं ध्यानात नाही.

क्रॉनिकलवर सेन्सॉर बसला आणि पेपर काही काळ बंद पडला. गांधीजींनी लोकांना शांत राहायला सांगितलं. ११ मेला, रविवारी, हॉर्निमन यांच्यासाठी मुंबईत हरताळ झाला, तोही शांततेत.

याच बंद पडलेल्या पेपरामुळे आणखी एक मोठी गोष्ट घडली. क्रॉनिकलचा कारभार बघणाऱ्या उमर सोबानी, शंकरलाल बँकर या मंडळींच्या हातात यंग इंडिया नावाचं साप्ताहिक होतं. क्रॉनिकलची जागा रिकामी राहू नये म्हणून त्यांनी गांधीजींना यंग इंडिया चालवायची गळ घातली. ते आठवड्यातून दोनदा निघू लागलं, पुढे क्रॉनिकल पुन्हा सुरू झाल्यावर अहमदाबादला गेलं. सरकारने एक संपादक बाहेर काढला आणि त्या रिकाम्या जागेतून गांधीजींच्या हाती इंग्रजी पत्र आलं.

क्रॉनिकलला १९२० मध्ये पुन्हा इंग्रजच संपादक मिळाला. मार्माड्यूक पिक्थॉल. हे कादंबरीकार, इस्लाम स्वीकारलेले, पुढे हैदराबादला राहून त्यांनी कुराणाचा इंग्रजी अनुवाद पूर्ण केला. १९२४ नंतर धुरा आली सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांच्याकडे.

परत मुंबई

हॉर्निमन यांना भारतात येण्यासाठी परवाना मिळत नव्हता. सात वर्षं अशीच गेली. खरंतर इंग्लंड हा त्यांचा मायदेश, तिथे काम होतं, भाषा आपली होती. एखाद्याने मुंबईचा नाद सोडला असता. यांनी कायद्यातली पळवाट शोधली आणि जानेवारी १९२६ मध्ये भारतात परतले. पुन्हा क्रॉनिकलचं काम हातात घेतलं.

१९२९ साली त्यांनी स्वतःचा इंडियन नॅशनल हेराल्ड काढला. १९३३ पासून जवळपास बारा वर्षं त्यांनी बॉम्बे सेंटिनल हे संध्याकाळचं दैनिक सांभाळलं. साम्राज्याशी भांडणारा संपादक आता शहराच्या रोजच्या भानगडींवर लिहीत होता, आणि मुंबईकर संध्याकाळी घरी जाताना ते वाचत होते.

१ फेब्रुवारी १९४१ ला ब्लिट्झ हे साप्ताहिक निघालं. रुसी करंजिया, दिनकर नाडकर्णी आणि सोबत हॉर्निमन. करंजिया तेव्हा तिशीच्या आत, हॉर्निमन सदुसष्ट वर्षांचे. भारतातल्या टॅब्लॉइड पत्रकारितेची सुरुवात सांगताना ब्लिट्झचं नाव घ्यावंच लागतं.

१५ ऑगस्ट १९४७ त्यांना बघायला मिळाला. १६ ऑक्टोबर १९४८ रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. पन्नास वर्षांच्या पत्रकारितेच्या आठवणी लिहायला घेतल्या होत्या, त्या अर्ध्याच राहिल्या.

बाहेरच्यांनी बोलावं का?

हा प्रश्न करंजाडेसारख्या ठिकाणी रोजचा आहे. इथे मूळ गावकरी आहेत, विमानतळासाठी घरदार सोडून आलेली कुटुंबं आहेत आणि सिडकोच्या सेक्टरांमध्ये मुंबई, कोकण, घाट, विदर्भ, परराज्यातून आलेले लोक आहेत. पाणी, रस्ते, कचरा यावर कुणी ग्रुपवर लिहिलं की कुणीतरी विचारतंच, तुम्ही इथे कधी आलात?

हॉर्निमन यांना हाच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता आला असता. हिंदी माणूस म्हणू शकत होता, हा गोरा आमच्या वतीने का बोलतो. इंग्रज म्हणतच होते, आपला असून आपल्याविरुद्ध का बोलतो. त्यांच्या कामात याचं उत्तर सापडतं. ते मुंबईकरांना शहाणपण शिकवायला बसले नाहीत. ज्या लोकांमध्ये राहिले त्यांचं गाऱ्हाणं नीट बघितलं आणि जिथे ते ऐकलं जात नव्हतं तिथे नेऊन ठेवलं. बोलण्याची किंमतही मोजली.

पुढच्या वेळी फोर्टात गेलात तर आजूबाजूच्या पाट्या वाचा. सर फिरोजशहा मेहता रोड, म्हणजे क्रॉनिकल काढणारे. सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी रोड, म्हणजे तो पुढे चालवणारे. याच रस्त्यावर १८२२ पासून निघणाऱ्या मुंबई समाचारची लाल इमारत आहे. आणि मधोमध हॉर्निमन सर्कल. एक पारशी, एक मुसलमान, एक इंग्रज. एकाच पेपराची तीन माणसं, चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरात.