हातमोज्यांचे चित्रकार : वेन्सेस्लाउस होलार



या वेळी आम्ही अशा एका कलावंताची ओळख करून देत आहोत, ज्यांनी श्रीमंतांचे हातमोजे आयुष्यभर रेखाटले, पण जाताना स्वतःचे हात रिकामेच राहिले.

वेन्सेस्लाउस होलार यांचा जन्म जुलै १६०७ मध्ये प्राग येथे झाला. १६२७ मध्ये त्यांनी प्राग सोडले. जर्मनीत काम करीत असता १६३६ मध्ये इंग्लंडचे सरदार अरंडेल यांनी त्यांची कला ओळखली व त्यांना लंडनला नेले.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, मग पत्रा आम्लात ठेवायचा व त्यावरून छाप काढायचे, ही त्यांची पद्धत. १६४० मध्ये इंग्लंडमधील स्त्रियांच्या पोशाखाची २६ चित्रे त्यांनी प्रसिद्ध केली. त्या काळी उंची हातमोजे म्हणजे कष्टाचे काम न करणाऱ्या हातांची खूण. हात कुठे ठेवला, पंखा कसा धरला, यावरूनही स्त्रीचा दर्जा कळे.

त्यांच्या हिवाळ्याच्या प्रसिद्ध चित्रात स्त्रीच्या चेहऱ्यावर मुखवटा आहे आणि हात केसाळ कातड्याच्या मफमध्ये लपले आहेत. चेहरा नाही, हात नाहीत, तरी तिचा रुबाब लपत नाही. १६४७ मध्ये तर त्यांनी माणूस वगळून केवळ मफ, हातमोजे, पंखा व मुखवटा एवढेच रेखाटले. त्या कातड्याचा केस न् केस आजही मोजून घ्यावा असा आहे.

इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पेटले, आश्रयदाते परदेशी गेले. होलार १६४४ मध्ये अँटवर्पला गेले आणि १६५२ मध्ये लंडनला परतले. पुढे प्लेगने त्यांचा गुणी मुलगा नेला. असे सांगतात की, ते वाळूचे घड्याळ समोर ठेवून तासाच्या हिशोबाने काम करीत. कोणी बोलायला आले की घड्याळ आडवे करीत, म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे घेतले जाऊ नयेत.

सुमारे २७०० चित्रे मागे ठेवून २५ मार्च १६७७ रोजी लंडनमध्ये, गरिबीतच त्यांचा अंत झाला.

मुलांनो, हातमोजे घालणाऱ्या बहुतेक स्त्रियांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ते काढणाऱ्या हाताचे नाव मात्र टिकले. पालकांनाही आमची विनंती आहे की, घरी जुने चित्र पाहताना मुलांना चेहऱ्याबरोबर हातांकडेही पाहायला सांगावे.