विश्लेषण : कागद वाचायला शिकवणारे धोबीतलावचे फादर हेरास कोण होते?

जुनी दफ्तरे सांभाळणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना रीतसर शिकवावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे फार उशिरा पटली. ती पटण्याआधी मुंबईत एका स्पॅनिश धर्मगुरूने महाविद्यालयातील मुलांना अस्सल कागदांपुढे बसवले. फादर हेन्री हेरास यांनी कोणती शिस्त लावली आणि पुढे ती त्यांनाच कुठे जड गेली?

स्पेनमधला माणूस धोबीतलावला कसा आला?

हेरास यांचा जन्म ११ सप्टेंबर १८८८ रोजी बार्सिलोनाचा. कॅटलान घराण्यातला हा मुलगा तरुणपणीच जेझुइट संघात गेला. मुंबईशी त्याचा संबंध येण्याचे कारण पहिले महायुद्ध. सेंट झेविअर्स महाविद्यालय १८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी उभे केले होते. महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी हे सारे अध्यापक शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना नजरकैद झाली, अनेकांना परत पाठवण्यात आले. रिकाम्या जागा भरण्याचे काम पुढे स्पेनमधील जेझुइटांकडे आले आणि १९२२ च्या नोव्हेंबरात हेरास मुंबईला पोहोचले.

पुढची हकिगत महाविद्यालयात हमखास सांगितली जाते. कोणता इतिहास शिकवणार, असे प्राचार्यांनी विचारले तेव्हा हेरास यांनी, इथे कोणता शिकतात, असा उलट प्रश्न केला. भारताचा, हे उत्तर ऐकून तोच शिकवीन म्हणून सांगितले. तोवर त्यांना भारताच्या इतिहासाची ओळख जवळजवळ नव्हती. हकिगतीवर थोडे मीठ-मसाला चढला असेलही, पण वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांनी पाटी कोरी करून सुरुवात केली हे खरे.

तेव्हा मुंबईत जुन्या कागदांची स्थिती काय होती?

कागदांना तोटा नव्हता. मुंबई सरकारचे अभिलेख कार्यालय १८२१ पासूनचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींचा पत्रव्यवहार, सचिवालयाची टिपणे अशी प्रचंड सामग्री काळाघोड्याच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत होती. गंमत अशी, की एकाच छपराखाली एका बाजूला इतिहासाचे वर्ग भरत आणि दुसऱ्या बाजूला त्याच इतिहासाचे कागद पडून असत. दोहोंमध्ये वाट नव्हती. दफ्तर सरकारचे. आत जायला परवानगी लागे. विद्यार्थ्याला परीक्षेपुरती छापील पुस्तके पुरत. दफ्तरातला कारकून काम करता करताच शिके. त्याला रुमाल कुठे आहे हे ठाऊक असे, पण आतल्या कागदाचे मोल कसे ठरवायचे हे शिकवणारे कोणी नसे.

महाराष्ट्रात साधने गोळा करण्याची मोठी परंपरा होती, तीही विद्यापीठाबाहेर. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून मोडी कागद मिळवत होते. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या मंडळींनी जे केले त्याला तोड नाही. मात्र तो ध्यास होता, अभ्यासक्रम नव्हता. राजवाडे यांच्याकडे शिकण्यासाठी राजवाड्यांच्या मागे चालावे लागे.

युरोपात हे कोडे शंभर वर्षांपूर्वीच सोडवायला घेतले होते. पॅरिसमध्ये जुनी लिपी, दस्तऐवज आणि दफ्तरव्यवस्था शिकवणारी एकोल दे शार्त ही संस्था १८२१ मध्ये निघाली, म्हणजे मुंबईचे अभिलेख कार्यालय निघाले त्याच वर्षी.

हेरास यांनी नेमके काय केले?

१९२६ मध्ये त्यांनी सेंट झेविअर्समध्ये भारतीय इतिहास संशोधन संस्था सुरू केली. त्याच वर्षी भारतीय विद्यार्थ्यांसाठी इतिहासलेखनाच्या पद्धतीवर एक छोटे पुस्तकही काढले. पदव्युत्तर विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या ग्रंथाचा सारांश लिहून आणायचा नाही, मूळ साधनापर्यंत जायचे, हा संस्थेचा पाया होता.

ही शिस्त ऐकायला सोपी आहे. कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कोणाला लिहिला, कधी लिहिला हे आधी पाहायचे. लिहिणाऱ्याने घटना डोळ्यांनी पाहिली की कानांनी ऐकली? त्याचा त्यात स्वार्थ काय? अस्सल आहे की नक्कल? मग दुसरा, पहिल्याशी संबंध नसलेला साक्षीदार शोधायचा. ताम्रपट असेल तर नाणे, नाणे नसेल तर शिलालेख. यातूनच हेरास यांनी ग्रंथालयाला जोडून नाणी, शिल्पे, हस्तलिखिते यांचा संग्रह जमवला. मुलांना घेऊन ते जुन्या राजधान्या आणि लेणी पाहायला निघत. त्यांचे विद्यार्थी जॉर्ज मोराएस यांनी बनवासी आणि गोव्याच्या कदंबांवर लिहिलेला ‘कदंब कुल’ हा १९३१ चा ग्रंथ या पठडीचा चांगला नमुना आहे. कोरीव लेख आणि ताम्रपट जुळवत त्यात एका राजघराण्याचा इतिहास उभा केला आहे.

विजयनगरचा अभ्यास महत्त्वाचा का?

शाळेत शिकलेल्या इतिहासात १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईबरोबर विजयनगर संपते. हेरास यांनी तिथून पुढे पाहिले. पेनुकोंडा आणि चंद्रगिरी इथून राज्य करणाऱ्या अरविडू घराण्यावरचा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये आला. कोरीव लेखांच्या जोडीला त्यांनी एक वेगळेच दफ्तर उघडले होते. दुसऱ्या व्यंकटाच्या दरबारी जेझुइट धर्मगुरू होते आणि ते वरिष्ठांना नियमाने पत्रे लिहीत. लॅटिन, पोर्तुगीज, इटालियन भाषांतली ही पत्रे वाचता येणारा माणूस मुंबईत योगायोगाने येऊन बसला होता.

इथे सावध राहायला हवे. धर्मप्रसारासाठी आलेल्यांची पत्रे म्हणजे निःपक्ष साक्ष नव्हे आणि वाचणारा त्याच संघातला. आपल्या यशाचे वर्णन वरिष्ठांना कळवताना कोण हात आखडता घेतो? हेरास यांनी ती पत्रे कोरीव लेखांशी ताडून घेतली, म्हणून ग्रंथ टिकला. तरीही तो वाचताना त्यांचीच पद्धत त्यांच्यावर लावणे वाचकाच्या हिताचे आहे.

मोहेंजोदडोत काय बिनसले?

सिंधू संस्कृतीचा शोध १९२४ मध्ये जाहीर झाला. तिथल्या मुद्रांनी हेरास यांना पुढे अक्षरशः झपाटले. ती भाषा द्रविड कुळातली आहे आणि ती संस्कृती इथून भूमध्य समुद्रापर्यंत पोहोचली, असे त्यांचे मत होते. १९५३ मध्ये आलेला त्यांचा मोठा ग्रंथ याच विषयाचा आहे.

अडचण त्यांनीच वर्गात शिकवलेली होती. दुसरा साक्षीदार नव्हता. एकच मजकूर दोन भाषांत लिहिलेला एकही लेख सापडलेला नाही. मुद्रांवरचे लेख सरासरी पाच चिन्हांचे. एवढ्याशा मजकुरावर हेरास यांनी सबंध वाक्ये वाचून दाखवली. तज्ज्ञांनी ती मानली नाहीत आणि त्यांचे बरोबर होते. मात्र एक धागा उरला. तमिळमध्ये मीन म्हणजे मासा आणि ताराही, तेव्हा माशाचे चिन्ह ताऱ्यासाठी वापरले असावे, ही हेरास यांची कल्पना. फिनलंडचे संशोधक आस्को पारपोला यांनी पुढे ती उचलून धरली. लिपी अजून सुटलेली नाही.

अभिलेखपालांच्या प्रशिक्षणाशी याचा संबंध काय?

हेरास यांनी अभिलेखपाल घडवले नाहीत, इतिहासकार घडवले. कागदाला कसर लागू नये म्हणून काय करावे, कोणता कागद ठेवावा आणि कोणता नष्ट करावा, विभागाचा मूळ क्रम न मोडता सूची कशी करावी, हे वेगळे शास्त्र आहे. त्याचे रीतसर शिक्षण दिल्लीत १९४० च्या दशकात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या केंद्रीय अभिलेख विभागाचे प्रमुख होते मराठ्यांच्या राज्यकारभारावर लिहिणारे सुरेंद्रनाथ सेन. तेही विद्यापीठात नव्हे, सरकारी खात्यात. चीनने १९५२ मध्ये बीजिंगच्या रेनमिन विद्यापीठात अभिलेखशास्त्राचे शिक्षण सुरू केले आणि हा विषय थेट विद्यापीठात आणला. आपल्याकडे शिकवणारे खाते आणि संशोधन करणारे विद्यापीठ असे दोन स्वतंत्र घरोबे राहिले. सरकारला दफ्तरांबाबत सल्ला देण्यासाठी १९१९ मध्ये नेमलेला भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोग हा त्यांच्यातला एक पूल होता. हेरास त्याचे सदस्य होते.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले. त्यांनी काढलेल्या संस्थेला नंतर त्यांचे नाव देण्यात आले, १९८१ मध्ये टपाल खात्याने तिकीटही काढले. काळाघोड्याचे दफ्तर आता राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे आहे. मोडी वाचणारे कमी होत गेल्याने संचालनालयच मोडीचे छोटे वर्ग घेते. हेरास यांचे ग्रंथालय आणि संग्रह अजूनही धोबीतलावलाच, सेंट झेविअर्सच्या आवारात आहे.