कुलाब्याची चुंबकसुई आणि नानाभाई मूस

२ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी चुंबकमापकाची जी नोंद वहीत उतरवली, ती पुढे पाहणाऱ्याला लेखणीची चूक वाटावी अशी होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक, आजच्या मापात सांगायचे तर, सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आला होता. आदल्याच दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या समूहावर प्रखर प्रकाश झळकताना दिसला होता. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या आणि ध्रुवीय प्रकाश पार क्युबापर्यंत दिसला. या वादळानंतर आठ आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. कुलाब्याच्या त्या वह्यांना अर्थ देण्याचे काम पुढे त्यांच्याच वाट्याला यावे, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

पारशी कुटुंबातील नानाभाईंचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात आणि पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरा विद्यापीठात झाले. परतल्यावर काही काळ त्यांनी एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन केले. १८९६ मध्ये चार्ल्स चेंबर्स यांच्यानंतर कुलाबा वेधशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली. या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला आणि माणसे शहर सोडून जाऊ लागली. चुंबकीय वेधांची मालिका मात्र तुटली नाही.

ती तुटण्याची वेळ आणली विजेने. मुंबईच्या रस्त्यांवर १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या विजेवर चालवण्याचे ठरले. नागरिकांच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता; वेधशाळेच्या दृष्टीने मृत्युघंटा. ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परतताना त्यातला काही भाग जमिनीत झिरपतो आणि स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. सूर्याचा सूक्ष्म परिणाम टिपणाऱ्या सुईला मग सूर्य कोणता आणि ट्राम कोणती, हे कळेनासे होते.

मुंबईला ट्राम हवी होती, आणि ती नाकारणे शहाणपणाचेही नव्हते. हलायचे होते ते सुईने. मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. मुंबईच्या कुलाब्यातून निघालेली संस्था अशा रीतीने तत्कालीन कुलाबा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी पोहोचली. नावांच्या या गमतीने पुढच्या अभ्यासकांचा पुष्कळ गोंधळ केला असणार. इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणला गेला, आणि धातू लागेल तेथे तांबे-पितळ वापरले गेले. कारापूर-साखळीच्या परिसरात लोहखनिजाच्या खाणी पाहत वाढलेल्या वाचकाला या खबरदारीचे मर्म वेगळे सांगायला नको. खिळासुद्धा लोखंडाचा चालत नव्हता.

मूस यांची खरी थोरवी मात्र इमारतीत नाही. ती त्यापुढच्या दोन वर्षांत आहे. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या तरी त्यांनी कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. जागा बदलली की आकडे बदलतात. ते नेमके कितीने बदलतात हे ठाऊक नसेल, तर जुनी मालिका आणि नवी मालिका ही दोन अनोळखी माणसे ठरतात. दुहेरी नोंदींमुळे त्यांच्यात नाते जोडले गेले. मुंबईची पहिली विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावली, तोवर हे काम पुरे झाले होते.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या वेधांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. संगणक नव्हता, होती ती आकडेमोड करणारी माणसे आणि कागद. मूस यांनी अनेक चुंबकीय वादळे घेऊन, प्रत्येकाच्या आरंभापासूनचे तास मोजून, त्यांची सरासरी काढली. त्यातून वादळाचा स्वभाव उघड झाला: प्रथम एक लहानशी उसळी, मग खोल घसरण आणि शेवटी दिवसेंदिवस चालणारी संथ पूर्वस्थिती. सिडनी चॅपमन यांनी चुंबकीय वादळांच्या आपल्या अभ्यासात या कामाचा आधार घेतला.

या घसरणीचे कारण मूस यांना सांगता येण्याजोगे नव्हते. सौरवाऱ्याची कल्पना यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडली. सूर्यापासून निघालेला विद्युतभारित कणांचा झोत, म्हणजे प्लाझ्मा, पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला की कवच दबते. ती पहिली उसळी. नंतर कवचात अडकलेले कण विषुववृत्ताभोवती फिरून प्रवाहाचे कडे तयार करतात. त्या कड्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला विरोध करते, ती घसरण. ध्रुवीय प्रकाशाच्या गोंधळापासून दूर असलेल्या मुंबई-अलिबागसारख्या ठिकाणी ही घसरण विशेष स्पष्ट दिसते.

हेच कवच लहान प्रमाणात यानाभोवती उभारता येईल का, हा आजचा प्रश्न आहे. ब्रिटनमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेत रूथ बॅमफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लाझ्माच्या झोतात चुंबक ठेवून असे छोटे कवच तयार होते, हे २००८ मध्ये दाखवले. चंद्र-मंगळाच्या दीर्घ प्रवासात अंतराळवीरांना किरणोत्सर्गापासून वाचवण्यासाठी ते पुरेल का, हे अजून ठरायचे आहे. मात्र अशा कवचावर सर्वात वाईट दिवशी किती मारा होईल, याचा अंदाज बांधायला १८५९ चे वादळ मोजावेच लागते.

मूस १९१९ पर्यंत वेधशाळेचे प्रमुख होते. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखीना आदी शास्त्रज्ञांनी कॅरिंग्टन वादळाची तीव्रता ठरवण्यासाठी पुरावा शोधला, तेव्हा त्यांच्या कामी आली ती कुलाब्याची नोंदवही. कुलाबा-अलिबागची परंपरा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि अलिबागला वेध अद्याप घेतले जातात.