प्रत्येक श्वासाला नवे जग : माहीमचे मखदूम

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून उत्तरेला दाभोळ-बाणकोटपर्यंत आणि दक्षिणेला राजापूरच्या खाडीपर्यंत कोकणी मुसलमानांच्या ज्या जुन्या वस्त्या आहेत, तिथे माहीमच्या मखदूमबाबांचे नाव निघते ते बहुधा नवसाच्या निमित्ताने. मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांना, त्यांत हिंदूही आलेच, हे नाव ठाऊक असते ते डिसेंबरातल्या जत्रेमुळे. त्या जत्रेत संदलाचा मान मुंबई पोलिसांचा. दर्ग्याला लोक चादर घालतात, गुलाब वाहतात, मुलाबाळांचे मागणे मागतात आणि घरी परततात. यात वावगे काही नाही. पण त्या घुमटाखाली जो माणूस निजला आहे तो मुळात पंडित होता, अरबीत ग्रंथ लिहिणारा तत्त्वचिंतक होता, आणि काळ म्हणजे काय या प्रश्नाशी त्याने झुंज घेतली होती, हे किती जणांना माहीत असते?

नाव अली, वडिलांचे नाव अहमद, आईचे फातिमा. जन्म हिजरी ७७६ च्या सुमाराचा, म्हणजे इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. माहीम तेव्हा बेट होते. घराणे नवायतांचे. इराककडून जुलमाला कंटाळून गलबतांतून निघालेल्या आणि कोकणपट्टीवर स्थिरावलेल्या अरब कुळांचे हे वंशज, असे या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. उत्तर हिंदुस्थानातले मुसलमान बहुसंख्येने हनफी. कोकण, मलबार आणि पार जावा-सुमात्रापर्यंतचा किनारा मात्र शाफई. याचे कारण उघड आहे. उत्तरेत धर्म घोड्यावरून आला, इथे तो शिडाच्या गलबतातून आला. अलीही शाफईच, आणि रत्नागिरीचा कोकणी मुसलमान आजही नमाज पढतो तो त्याच पंथाच्या रीतीने.

वडील लवकर वारले. मुलाला शिकवायला गुरू कुठून आणायचा, या काळजीत आई असताना खुद्द ख्वाजा खिज्र पहाटे समुद्रकाठी येऊन त्याला शिकवू लागले, अशी आख्यायिका आहे. खिज्र म्हणजे पाण्याचा आणि वाट चुकलेल्यांचा वाली. खलाशांना तो जवळचा. कुराणातल्या ज्या कथेतला मूसाचा अनाम सोबती म्हणजे खिज्रच असे मानतात, तीही नावेचीच. गरीब नावाड्यांच्या धडधाकट नावेला तो भोक पाडतो आणि मूसा संतापतो. पुढे कळते की एक राजा चांगल्या नावा हिसकावून घेत होता आणि त्या भोकाने ती नाव वाचली. कृत्य आधी, अर्थ मागून. अलींचे गुरू म्हणून परंपरेने नेमका हाच पुरुष निवडावा, हे मोठे मार्मिक वाटते. ज्याला हयात पीर नसतो, ज्याची दीक्षा देशकाळाचे अंतर ओलांडून येते, त्याला सूफी मंडळी उवैसी म्हणतात. मखदूमांची गणना उवैसींतच होते.

दुसरी कथा अधिक साधी आहे. रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पेला घेऊन आला तोवर तिचा डोळा लागला होता. उठवायचे नाही म्हणून तो पहाटेपर्यंत पेला धरून उशाशी उभा राहिला. अशीच गोष्ट बायझीद बिस्तामीबद्दलही सांगतात, तेव्हा ती इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. पण सूफी ज्याला वक्त म्हणतात ते तिच्यात नेमके सापडते. वक्त म्हणजे घड्याळातली वेळ नव्हे. ज्या अवस्थेत माणूस आत्ता उभा आहे, जी त्याला मागे किंवा पुढे पाहू देत नाही, ती वक्त. सूफीला म्हणूनच वक्ताचा पुत्र म्हणतात. गंमत अशी की हे शब्द आपल्याच घरात आहेत. वक्ताचा आपण वखत केला. साधकावर उतरणारी आणि निघून जाणारी अवस्था ती हाल. आपल्याकडे हाल उरले ते फक्त सोसण्याचे. साधनेतला पक्का टप्पा तो मकाम; त्याचा झाला मुक्काम आणि पोस्टाच्या पत्त्यावर जाऊन बसला. पत्रावर मु. पो. लिहिणाऱ्या कोकणी माणसाने एका सूफी संज्ञेची किती वर्षे सेवा केली असेल, कोण जाणे!

मोठेपणी ते माहीमचे काजी झाले असे परंपरा सांगते. बेट गुजरातच्या सुलतानांच्या सत्तेखाली होते. १४३० च्या आसपास बहमनी सरदाराने ते घेतले, गुजरातच्या फौजेने पुन्हा जिंकले. मखदूमांची अखेरची वर्षे ही अशी धामधुमीची. राजकारणाचा त्यांच्याशी संबंध याहून फारसा नाही.

खरे आयुष्य ग्रंथांत गेले. सुहरावर्दींच्या प्रसिद्ध सूफी ग्रंथावर त्यांनी भाष्य केले, आणि इब्न अरबीच्या फुसूस-उल-हिकमवरही. हे दुसरे काम धारिष्ट्याचे. इब्न अरबी ११६५ साली स्पेनमधल्या मुर्सियाला जन्मला, १२४० साली दमास्कसला वारला; त्याच्या अस्तित्वैक्याच्या विचाराला इब्न तैमियासारख्या कडव्या विद्वानांनी पाखंड ठरवले होते. शाफई शास्त्राच्या चौकटीत राहून त्या विचाराची बाजू मांडणे एका किनाऱ्यावरच्या पंडिताने पत्करले.

फुसूसमधला एक सिद्धान्त आपल्या विषयाचा गाभा आहे. जग एकदा निर्माण होऊन टिकून राहिले आहे असे नाही. ते प्रत्येक श्वासाला नाहीसे होते आणि नव्याने होते. दोन निर्मितींमध्ये फट दिसत नाही म्हणून आपल्याला ते तेच वाटते. देव्हाऱ्यातली ज्योत तासभर स्थिर दिसते, पण तिच्यातले जळणारे तेल दर क्षणी निराळे असते, तसे. अशअरी पंथाच्या पंडितांनी वस्तूंचे गुण दोन क्षण टिकत नाहीत असे आधीच म्हटले होते. इब्न अरबीने ते अख्ख्या विश्वाला लावले. बिल्किस राणीचे सिंहासन शेबाहून सुलेमानापुढे पापणी लवायच्या आत कसे आले? ते आलेच नाही, तिथे विरले आणि त्याच क्षणी इथे झाले, असा त्याचा उलगडा. वाचकांना बौद्धांचा क्षणभंगवाद आठवेल. मोठा फरक हा की बौद्धांच्या क्षणांमागे निर्माता नाही, इथे आहे.

आता विज्ञान. विल्यम जेम्सने १८९० साली मांडले की अनुभवातले आत्ता हा बिंदू नसतो, त्याला लांबी असते. नाहीतर सूर ऐकू येतील, चाल ऐकू येणार नाही. सिनेमात सेकंदाला २४ स्थिर चित्रे पडद्यावर येतात आणि आपण धावता घोडा पाहतो. बेंजामिन लिबेट या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९८३ च्या प्रयोगांत बोट हलवण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली, तर हलवावे ही जाणीव झाल्याची वेळ माणसांनी सांगितली ती फक्त एकपंचमांश सेकंद आधीची. याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद आहे. एवढे खरे की सलग वाटणारे भान हे जुळवून तयार होते. सूफींनी डोळे मिटून जे गाठले त्याच्या शेजारून ही वाट जाते, हे कबूल केलेच पाहिजे.

पण म्हणून सूफींना पुंज भौतिकी आधीच कळली होती असे म्हणत सुटणारी जी व्याख्याने आपल्याकडे होतात, त्यांना टाळी देऊ नये. भौतिकीत प्लँक काल म्हणून एक अतिसूक्ष्म परिमाण आहे, सेकंदाला दहाच्या ४३ व्या घाताने भागले तरी त्याहून लहान. मात्र काळ खरोखर दाणेदार आहे असे कोणत्याही प्रयोगाने अद्याप सिद्ध केलेले नाही. आणि आइनस्टाइनचे १९०५ चे सापेक्षतेचे विवेचन तर या सिद्धान्ताला अडचणीतच टाकते. सारे विश्व एकाच क्षणी नवे होते म्हणायचे, तर सर्वांना समान असा तो एक क्षण हवा. सापेक्षतेत तोच नाही. माहीमचा आत्ता आणि दूरच्या ताऱ्यावरचा आत्ता यांचा मेळ पाहणाऱ्याच्या गतीवर अवलंबून. सूफी यावर म्हणू शकेल की वक्त ज्याचा त्याचाच असतो. म्हणू दे, पण तो अनुभवाबद्दल बोलतो आहे, आणि शास्त्रज्ञ मोजमापाबद्दल. महंमद इक्बाल यांनी १९३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी व्याख्यानांत अशअरींचा अणुवाद आणि नवे भौतिकशास्त्र शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा अशअरींच्या काळकल्पनेतल्या उणिवाही त्यांनी दाखवल्या. तुलना करायची तर ती अशी.

मखदूमांचे मोठेपण विज्ञानाच्या दाखल्यावर अवलंबून नाहीच. ते दिसते त्यांच्या कुराणभाष्यात. तफसीर-ए-रहमानी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ग्रंथात एका आयतीतून दुसरी कशी उमलते हे ते ओळीओळीने दाखवतात. कुराणाच्या ११४ प्रकरणांपैकी ११३ च्या आरंभी बिस्मिल्लाह आहे, अक्षर न् अक्षर तेच. दुसरा भाष्यकार पहिल्यांदा अर्थ सांगून पुढे गेला असता. मखदूम प्रत्येक प्रकरणाशी थांबतात आणि त्या प्रकरणाच्या विषयाला धरून त्याच शब्दांचा निराळा अर्थ उकलतात. ईश्वराच्या प्रकटीकरणात पुनरुक्ती नाही, असे इब्न अरबीचे अनुयायी मानतात. इथे ते सूत्र एका माणसाने हाती लेखणी धरून, प्रकरणामागून प्रकरण, निभावले आहे. आमच्या मते नवनिर्मितीच्या सिद्धान्ताचे याहून पटणारे उदाहरण पोथ्यांत शोधून सापडायचे नाही.

हिजरी ८३५ मध्ये, म्हणजे १४३१-३२ च्या सुमारास, ते वारले. बेटावरच दफन झाले. आईची कबरही तिथेच आहे. पुढे साडेचारशे वर्षांनी, हिजरी १२९५ म्हणजे १८७८ साली, त्यांचे कुराणभाष्य छापून निघाले ते कैरोजवळच्या बुलाकच्या छापखान्यात.