अंधुक ताऱ्याचे अंतर मोजणारे बेसेल

लग्नात नवरीला अरुंधती दाखविण्याची आपली रीत आहे, त्यामुळे तो बारीकसा तारा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याहूनही मंद असा एक तारा हंस या तारकासमूहात आहे. रात्र चांदण्याची नसावी, दिव्यांपासून दूर जावे, तेव्हा कुठे तो नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. यादीतील क्रमांकावरून त्यास ६१ हंस म्हणतात. हाच तारा ज्यांच्यामुळे प्रसिद्धीस आला त्या फ्रीड्रिख बेसेल यांचे चरित्र मी येथे थोडक्यात सांगणार आहे.

बेसेल यांचा जन्म २२ जुलै १७८४ रोजी जर्मनीतील मिंडेन गावी झाला. घरात नऊ भावंडे. लॅटिन भाषा जमेना, म्हणून चौदाव्या वर्षी शाळा सुटली. पुढे १७९९ मध्ये ब्रेमेन बंदरातील एका व्यापारी पेढीत ते बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. परदेशी व्यापारात पुढे यावे, या इच्छेने त्यांनी नौकानयनाचा अभ्यास आरंभिला. समुद्रावर वाट ताऱ्यांवरून काढतात. अशा रीतीने हिशेबाच्या वह्यांतून ते आकाशाकडे वळले. दिवसा पेढीचे काम करावे आणि रात्री गणित. वीस वर्षांचे असताना त्यांनी हॅलेच्या धूमकेतूची कक्षा गणिताने काढली. डॉक्टर ओल्बर्स या थोर ज्योतिर्विदांनी ते काम पाहिले आणि त्यांना पुढे आणले. १८१० मध्ये क्योनिग्सबर्ग येथे नव्या वेधशाळेचे प्रमुखपद त्यांना मिळाले आणि अखेरपर्यंत ते तेथेच राहिले.

एक डोळा मिटून समोर धरलेले बोट पाहावे, मग दुसऱ्या डोळ्याने पाहावे; बोट बाजूस सरकलेले दिसते. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाते, तेव्हा जवळचा तारा असाच किंचित सरकलेला दिसावा. हे सरकणे पकडण्यात पूर्वीचे अनेक जण अपयशी ठरले होते. तेजस्वी तोच जवळचा, असे सहज वाटते. परंतु बेसेल यांनी मंद तारा निवडला, कारण तो इतर ताऱ्यांमधून फार वेगाने पुढे जाताना आढळला होता. जवळून जाणारी बैलगाडी झरकन पुढे जाते, लांबची मात्र जागीच उभी भासते. त्यांतलाच हा प्रकार.

वर्षाहून अधिक काळ त्यांनी वेध घेतले. १८३८ मध्ये जो कोन हाती आला तो इतका सूक्ष्म, की इंचभर नाणे सुमारे दहा मैलांवरून पाहावे! त्यावरून प्रकाशास तेथून येण्यास सुमारे दहा वर्षे लागतात, असे ठरले. आजचे माप ११.४ प्रकाशवर्षे आहे. त्याच हंसात झगमगणारा डेनेब मात्र हजारांहून अधिक प्रकाशवर्षे दूर आहे. डोळ्यांत भरणारा तो परका, आणि न दिसणारा तो शेजारी!

१७ मार्च १८४६ रोजी बेसेल निवर्तले. शाळा लवकर सुटलेल्या माझ्यासारख्या बायका आपल्या मंडळात पुष्कळ आहेत. शिकण्याची वेळ निघून गेली, असे मनात येते तेव्हा मला पेढीवरून परतून रात्री गणिते सोडविणारा तो मुलगा आठवतो. आपल्या शेजारीही अशी कितीतरी माणसे मंद तेजाने उभी असतील. त्यांच्याकडे आपण जरा निरखून पाहू या.